गोदामाचा देखभाल आराखडा

दुष्काळात गावच्या विकास सोसायटीत काम कमी आणि बसायला येणारी माणसं जास्त, त्यामुळे किस्से काही केल्या कमी पडत नाहीत. हे सगळे एकाच कागदाचे आहेत. गोदामाचा देखभाल आराखडा कायद्याने दरवर्षी द्यावा लागतो. मी तिथे मापाडी. शाळा आठवीतच सुटली, पण अक्षर बरं, म्हणून तो मी लिहायचो. म्हणजे मागच्या वर्षीचा उतरवून काढायचो.

*

त्या वर्षी चारा डेपो आमच्या गोदामात यायचा होता. आराखडा मंजूर झाला तरच, नाहीतर शेजारच्या उमापूरला. तपासणीला नव्या मॅडम आल्या. वाचता वाचता थांबल्या.

"जिन्याचा कठडा सुस्थितीत. दाखवा बरं जिना."

आमच्या गोदामाला माळाच नाही. मूळ कागद कधीतरी कुठल्याशा दुमजली इमारतीचा उतरवलेला, आणि तो जिना मी चार वर्षं इमानदारीने लिहीत होतो. माझी मान खाली.

सचिव बाबुरावकाका शांतपणे म्हणाले, "मॅडम, कठडा मोडल्याची एक तरी तक्रार आलीय का?"

*

मॅडमनी कागद परत दिला. म्हणाल्या, डोळ्यांनी बघा, मग लिहा. आणि प्रत्येक कामापुढे नुसतं 'संबंधित' नको, माणसाचं नाव घाला.

बैठक बसली. दाराच्या बिजागऱ्या कुणी घेईना, पत्रे कुणी घेईना. पावसाच्या पन्हाळीला मात्र पाच जण तयार. शेवटी ती चेअरमननी घेतली.

"तीन साल झाले पाऊस न्हाई. लई जबाबदारीचं काम हाय, मीच बघतो."

*

मग मी पहिल्यांदाच कागद घेऊन गोदामाभोवती फिरलो. मागच्या भिंतीला बोट आत जाईल एवढा तडा. लिहू का, म्हणून काकांना विचारलं.

"आधी बुजव, मग बघ, मग लिव्ह. डोळ्यांनी बघूनच लिव्हायला सांगितलंय ना?"

मी सिमेंट कालवलं.

*

मॅडम परत आल्या त्या भर दुपारी. भिंत गुळगुळीत. तिची सावली रिकामी होती, आणि वीस पावलांवर उन्हात लिंबाजीमामांचे बैल बांधलेले. गावात सगळ्यात जास्त जनावरं मामांची. चारा आजच सुटेल या आशेने ते गाडी जुंपूनच आले होते.

मॅडमनी विचारलं, "मामा, ही भिंत पक्की आहे का?"

"लोखंड हाय."

"मग बैल उन्हात का बांधलेत?"

मामा बैलांकडे गेले, दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तसेच मागे येऊन भिंतीला पाठ लावून सावलीत बसले.

"त्यांना ऱ्हाऊ द्या तिथंच," ते म्हणाले. "मी बसतो की हितं."