येळ्ळूर ते बेळगाव, एकटी

माझी मुलगी एकोणीस वर्षांची झाली तेव्हा तिला बसनं एकटीनं जायला शिकवायचं मी मनावर घेतलं. ती जन्मापासून बुद्धीनं मंद. सहानंतर दहा मोजते. पण एकदा अंगवळणी पडलेली गोष्ट ती विसरत नाही. बेळगावात अशा मुलांसाठी एक कार्यशाळा होती, तिथं कागदी पिशव्या करायला शिकवत. येळ्ळूरहून एक बस, आणि उतरल्यावर पाच मिनिटांची वाट.

हे शिकवण्यात दीड वर्ष गेलं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये, आणि तिला कुठलीच भाषा वाचता येत नाही. मग जाताना कुठलं अक्षर बघायचं, येताना कुठलं, हे मी पुठ्ठ्यावर काढून दिलं. गावात एक जण मला म्हणालाच, "मराठी शाळंतली बाई तुम्ही, आन् पोरीला कन्नड शिकवताय व्हय?"

आधी मी तिच्या शेजारी बसायची, मग मागच्या सीटवर, मग शेवटच्या रांगेत तोंडावर पदर ओढून. एका सोमवारी मी स्टॉपवरच थांबले आणि बस गेली. संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, "माझी मी आले."

सात महिने ती अशी जात-येत होती.

मग एका सकाळी शहरात कसलंसं आंदोलन झालं. पोलिसांनी शहराच्या तोंडाशी, वडगावच्या अलीकडेच बस अडवली आणि सगळ्यांना उतरवलं. भीती वाटली तर दुकानात बाई बसली असेल तिच्याकडं जायचं आणि गळ्यातलं कार्ड दाखवायचं, हे मी तिला शिकवलं होतं. तिनं तेच केलं. फुलं विकणाऱ्या एका बाईनं कार्डावरचा नंबर बघून मला तीनदा फोन लावला. माझा फोन टेबलाच्या खणात होता, आवाज बंद करून. मी दुसरीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते.

ती बाई मला नंतर भेटली. "लई वेळ बसली माझ्यापाशी," ती म्हणाली. "मग म्हणाली, मला घर ठावं हाय. मी थांब म्हटलं, तर न्हाय थांबली."

बस आली होती त्याच रस्त्यानं, दोन्ही बाजूंच्या भाताच्या शेतांमधून, ती चालत परत आली. मी जेवणाच्या सुट्टीत घरी गेले तर ती पायरीवर बसलेली, एका चपलेचा अंगठा तुटलेला, तोंड उन्हानं लाल. मला बघून हसली. "बस नव्हती. मी चालत आले."

संध्याकाळी माझे मोठे दीर आले. त्यांना गावातून कळलं होतं.

"बास झालं आता," ते म्हणाले. "वाटंत काय झालं असतं म्हंजे?"

"झालं नाही ना, अण्णा. नीट आली ती."

"माझ्या पोरीचं ठरायलंय. पावणं इचारतील, ही रस्त्यानं हिंडणारी तुमची कोण? काय सांगू?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो तिची चप्पल हातात घेऊन बसला होता. "अण्णा म्हणतोय त्येच बरं," तो म्हणाला. "हिला कळतंय काय? कुणाला इचारायचं तरी सुचलं काय हिला?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तिला सुचलं होतं. तिनं विचारलं होतं, फोन लावून घेतला होता, तिच्या हातात होतं ते सगळं केलं होतं. चुकली होती ती मी. पण ते तीन फोन मी त्या दिवशी सांगितले नाहीत आणि पुढेही कधी नाहीत. चूक तिच्या अंगावर पडू दिली. दिरांना दोष देणं मला फार सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती आपली आपण तयार झाली. "आज सुट्टी आहे," मी म्हटलं. असं मी बरेच दिवस म्हटलं. मग तिनं तयार होणं सोडलं. महिन्यानं कार्यशाळेतून फोन आला, जागा दुसऱ्या मुलीला दिली म्हणून.

पुतणीचं लग्न थाटात झालं. मुलीला आम्ही आतल्या खोलीत बसवलं. तिला जेवणाचं ताट तिथंच नेऊन दिलं ते मीच.

लग्नानंतर एकदा मी तिला मुद्दाम स्टॉपवर नेलं. बस आली, दार उघडलं. तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही. कंडक्टर ओरडला, बस गेली.

आता ती दिवसभर घरात असते. ती सुखरूप आहे, असं सगळे म्हणतात. हल्ली ती प्रत्येक गोष्ट विचारते. "आई, पाणी पिऊ?" माठ तिच्या हाताशी असतो. मी 'पी' म्हणेपर्यंत ती पेला घेऊन तशीच उभी राहते.