हळदीच्या दोन बरण्या

आठवीतून शाळा सुटली आणि परभणीकडून मी इकडे आलो. कल्याणजवळ मोहन्याला चाळीत खोली आणि ठाण्याच्या एका फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळायची नोकरी. नव्वदीची शेवटची वर्षं होती. लोक हसायचे, पण मला ती नोकरी देवानं हातात आणून ठेवल्यासारखी वाटायची. हातातलं निसटतं, हेही सारखं वाटायचं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाणी भरणं. काही उंदरांच्या पाठीवर भूल देऊन छोटी जखम केलेली असायची, तिला रोज मलम लावणं.

मलम हळदीच्या अर्काचं. सरांच्या हाताखाली त्यावर संशोधन करणाऱ्या मॅडम वयानं माझ्याहून लहान, पण सगळं समजावून सांगायच्या.

"नुसता अर्क पाण्यात मिसळत नाही हो. जखमेवर वरच्यावर बसून राहतो. आपण त्याचे इतके बारीक कण करतोय, की डोक्यावरचा केस त्यांच्यापुढे वासा वाटेल. नॅनो म्हणतात. ते आत शिरले तर सूज लवकर उतरेल, जखम लवकर भरेल."

ते बारीक कणांचं मलम एका बरणीत आणि साध्या अर्काचं दुसऱ्या बरणीत. दोन्ही पिवळी, दिसायला सारखी. कुठलं कुठे आहे ते मला सांगायचं नाही, असा नियम; माझा हात नकळत एका बाजूला झुकू नये म्हणून. फ्रिजच्या खणात बरण्या वरूनच दिसायच्या, म्हणून 'क' आणि 'ख' ही अक्षरं झाकणांवर लिहिलेली. उंदराच्या शेपटीवरही शाईनं तीच. अक्षराला अक्षर जुळवायचं आणि मलम लावायचं.

पहिली तुकडी छान गेली. मॅडम खूश. दसऱ्यानंतर दुसरी तुकडी घेतली आणि सगळं उलटं झालं. ज्या जखमा आधी भरायला हव्यात त्या लाल, सुजलेल्या. ज्या मागे राहायला हव्यात त्या सुकत आलेल्या.

"शेपट्या नीट बघता ना?" मॅडमनी एवढंच विचारलं. माझी झोप उडाली.

आमचे शिपाईमामा चेंदणीच्या कोळीवाड्यातले. ते म्हणाले, "काय रे, उंदीर फितवलेस काय? आता सर तुलाच पिंजऱ्यात टाकतील नि मलम मी लावीन."

मी हसलो नाही.

"अरे, मस्करी केली. तोंड बघ, सुकटीसारखं झालंय."

खरं सांगायचं तर माझी मलाच खात्री उरली नव्हती. बघितलं तर होतं प्रत्येक शेपटीवरचं अक्षर. पण बघितलं होतं ना? मॅडमची कित्येक वर्षांची मेहनत माझ्यामुळे बुडाली असेल, तर मला ठेवतील कशाला? आणि गावी जाऊन काय सांगू?

मग मॅडमच्या सरांनी आम्हाला बोलावलं. "दोन्ही बरण्या आणा. नि दोन ग्लास पाणी."

एकेका ग्लासात त्यांनी चमचाभर मलम ढवळलं आणि आम्ही सगळे बघत बसलो. 'ख'मधलं पाणी हळदीच्या दुधासारखं एकसारखं पिवळं राहिलं. 'क'च्या ग्लासात पाणी निवळत गेलं आणि तळाला पिवळा गाळ बसला.

"सर, हे उलटं आहे!" मॅडम म्हणाल्या. "बारीक कणांचं मलम 'क'मध्ये होतं."

"म्हणजे झाकणं बदलली. कधी काढली होती झाकणं?"

मामा दारातूनच म्हणाले, "पूजेला की, सर!"

खंडेनवमीला सर प्रयोगशाळेतल्या तराजूपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळ्याची पूजा स्वतः करायचे. यंदा बरण्याही मांडलेल्या.

"ह्यानं झाकणं पुसून पेपरवर पालथी घातलेली," मामा म्हणाले. "हळदकुंकू लावून परत बसवलीत ती तुम्हीच ना?"

जमीन दुभंगावी असं मला झालं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मीच. आणि मोठ्या भक्तीनं बसवली." मग ते हसायला लागले. मॅडम आधी रडवेल्या झाल्या, मग त्याही हसल्या.

"झालं ते सगळं तसंच लिहा," सर त्यांना म्हणाले. "तुकडी पुन्हा घेऊ. नि अक्षर आता बरणीच्या अंगावर." मग माझ्याकडे वळले. "तू शेपट्या चुकला असतास तर खिचडी झाली असती. निकाल असा सरळ उलटा आलाच नसता. प्रत्येक उंदीर नीट बघितलास म्हणून कळलं. उद्या लवकर ये, नवे उंदीर यायचेत."

मी दोन्ही बरण्या उचलून परत फ्रिजमध्ये ठेवल्या.

संध्याकाळी कल्याणला उतरल्यावर एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन लावला आणि मायला बोलावून घ्यायला सांगितलं. ती धापा टाकत आली.

"काय झालं रे? बरा हाईस ना?"

"बरा आहे. माय, नोकरी आहे."

"आँ? ती तर व्हतीच की!"

"हो. अजून आहे."

बूथवाला माझ्याकडे बघत होता, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं.

"आन् उंदरं?" तिनं विचारलं. "ती बरी हाईत का?"

"अर्धी बरी झालीत," मी म्हणालो. "अर्धी होतील."