पाठीतला स्नायू

"उभी हाय तवर काय दिसत न्हाई, डॉक्टर. आता बघा," असं म्हणून शालनताई कमरेत वाकल्या.

आणि मला दिसलं. छातीवर डाव्या बाजूच्या कातडीखाली वरपासून खालपर्यंत घड्या उमटल्या होत्या. त्या सरळ झाल्या की घड्या पुसट व्हायच्या, वाकल्या की पुन्हा ठळक. पडद्याशी उभ्या असलेल्या सिस्टरच्या तोंडूनही "अगं बाई" निघून गेलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी मुंबईत प्लास्टिक सर्जरी शिकून सांगलीला परतलो होतो आणि एका ज्येष्ठ सर्जनच्या हॉस्पिटलमध्ये काम करत होतो. त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो. प्लास्टिक सर्जन म्हणजे काय, हे तेव्हा सांगलीत समजावून सांगावं लागायचं. एका गृहस्थांनी मला बादली सांधता येते का, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. माझ्याकडे यायचे ते भाजलेले पेशंट, नाहीतर गुऱ्हाळाच्या चरकात हात सापडलेले. उरलेल्या वेळात मी सरांना हर्नियाच्या ऑपरेशनला मदत करायचो. मार्केटमध्ये नवी हळद आली की तिचा वास थेट ओपीडीपर्यंत यायचा. स्पिरिट आणि हळद असा तो मिश्र वास मला पुढे कुठेच भेटला नाही.

शालनताई कडेगावच्या बाजूच्या. वय पस्तिशीचं, घरचा ऊस, नवरा फौजेत हवालदार. अंगाने सडसडीत, बरगड्या दिसाव्यात इतक्या. मुंबईला भावाकडे राहून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे स्तनाबरोबर छातीचा स्नायूही काढलेला होता. आजार परत आला नाही, तेव्हा तिथल्याच एका सर्जनने कातडीखाली इम्प्लांट बसवलं. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची मऊ पिशवी. अशा पिशवीला थोड्या घड्या पडतातच. अंगावर चरबी असली की त्या झाकल्या जातात. शालनताईंच्या पिशवीवर होती नुसती पातळ कातडी. मलमलीच्या अभ्र्यातून आतल्या उशीची शिवण दिसते, तसं झालं होतं. आमच्या भाषेत याला रिपलिंग म्हणतात. मुंबईच्या सर्जनचं यात काही चुकलं नव्हतं. पेशंटची चण तशी होती.

"कुणी काही बोललं का तुम्हाला?" मी विचारलं.

"कोण बोलतंय? मलाच ते माझं वाटत न्हाई. दुसऱ्याचं सामान सांभाळाय घेतल्यागत वाटतं." मग म्हणाल्या, "माहेरी इहिरीत पयली उडी माझी असायची. आता बहिणी पवत्यात आन् मी काठावर बसती. लुगडं भिजलं की समदं दिसतं."

मी त्यांना पर्याय सांगितले. पिशवी काढून टाकायची, हा एक. त्याला त्यांनी मान हलवून नकार दिला. आणखी मोठी पिशवी घालायची, तर कातडी ताणून अजून पातळ होणार. तिसरा उपाय म्हणजे पिशवीवर जाड पांघरूण घालायचं. ते पांघरूण पाठीत असतं. काखेच्या मागे हाताला जो रुंद स्नायू लागतो, तो पाठीपासून सोडवायचा, काखेतली त्याची रक्तवाहिनी तशीच ठेवायची आणि कातडीखालून बोगदा करून तो छातीवर आणायचा. ही युक्ती जुनीच, पण त्या सुमारास सर्जन पुन्हा तिच्याकडे वळत होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते.

"कॅन्सरमधून वाचलीय ती बाई. आता घड्यांसाठी पुन्हा टेबलावर घेतोस?"

"घड्यांमुळे ती माणसांत यायची बंद झालीय, सर."

"किती केलीस ही ऑपरेशनं?"

"दोन बघितलीत. स्वतः एकही नाही."

"छान." सरांनी कप खाली ठेवला. "मुंबईवाल्यांनी कॅन्सरच्या भीतीने गाठी काढून तिची काख साफ केलेली आहे. तुझी रक्तवाहिनी तिथून येते. ती शिल्लक आहे कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. रक्तवाहिनी बांधली गेली असेल, तर पुढे आणलेला स्नायू सडणार. त्याच्याबरोबर पिशवीही जाणार आणि वरची कातडीही. आज रक्तवाहिन्या पाहायला तपासण्या आहेत. तेव्हा आमच्याकडे हात होते. मी शालनताईंना दोन्ही हात कमरेवर ठेवून जोरात दाबायला सांगितलं. माझ्या तळव्याखाली पाठीतला स्नायू टणक झाला. म्हणजे त्याला हुकूम पोचवणारी नस, मज्जातंतू, जिवंत होती. नस आणि रक्तवाहिनी शेजारी शेजारी असतात. नस वाचवणाऱ्याने रक्तवाहिनीही वाचवली असणार.

"बहुधा," सर म्हणाले.

"बहुधा," मीही म्हणालो.

एक गोष्ट मात्र शालनताईंना सांगायची उरली होती आणि ती मला जड जात होती. "हा स्नायू हात वरून खाली ओढायला लागतो. आडातून पाणी शेंदताना. पोहताना."

"म्हंजी पवायसाठी जे करायचं, त्यानंच पवणं जायचं?"

"जाईलच असं नाही. पण पूर्वीसारखं राहील, असंही मी म्हणणार नाही."

त्या एसटी पकडायला निघून गेल्या. परत येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या, तेव्हा बरोबर हवालदार होते, सुट्टीवर आलेले. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

"साहेब, मला काय बी फरक पडत न्हाई. ती हाय, एवढं बास हाय. तुमीच सांगा तिला, नगं म्हणून."

"आवं, तुमाला फरक पडत न्हाई ते मला ठावं हाय," शालनताई शांतपणे म्हणाल्या. "मला पडतोय."

हवालदारांनी शर्टाची बाही वर सारली. मग म्हणाले, "मग करा साहेब. रगत लागलं तर माझं घ्या."

ऑपरेशनला सर स्वतः मदतीला उभे राहिले. मी सांगितलं नव्हतं, विचारायची हिंमतही नव्हती. हात धुताना ते शेजारी येऊन उभे राहिले एवढंच. काख जुन्या व्रणाने घट्ट झाली होती. त्यातून इंचाइंचाने वाट काढत गेलो आणि रक्तवाहिनी सापडली. बोटाखाली तिचा ठोका लागला, तेव्हा मास्कच्या आत मी हसलो. पाठीवरून स्नायू सुटला. लालभडक, रसरशीत. बोगद्यातून तो पुढे ओढला आणि बघता बघता जांभळा पडायला लागला.

मी थिजलो.

"घाई करू नकोस," सर म्हणाले. "आला तसा मागं ने."

स्नायू मागे नेला. कोमट सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ठेवलं आणि आम्ही थांबलो. हळूहळू लाली परत आली. बोगदा अरुंद होता, रक्तवाहिनी त्यात चिमटत होती. तो रुंद केला, स्नायूला पीळ पडणार नाही असा वळवला आणि पुन्हा पुढे आणला. या वेळी रंग टिकला. पिशवी तपासून, धुऊन तीच परत बसवली. नवी मिळणं सोपं नव्हतं. तिच्यावर स्नायू गादीसारखा पसरून कडेने शिवला. बाहेर आल्यावर सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली नाही. "चहा सांग," म्हणाले.

पुढे पाठीत पाणी साचत राहिलं, ते सुईने काढावं लागलं. हात खांद्याच्या वर न्यायला शालनताईंना फार त्रास झाला. पण सूज उतरल्यावर त्या वाकल्या, तेव्हा घड्या दिसल्या नाहीत. काखेजवळ एक बारीक रेघ राहिली, ती त्यांना मी दाखवली तेव्हाच कळली.

उन्हाळ्यानंतर तपासणीला आल्या, तेव्हा रंग रापला होता.

"पवलात?"

"पयल्या उडीला डाव्या अंगानं खालीच चाललेली. बहिणीनं धरलं. आता उजव्या कुशीवर पवती." मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "धाकटी माझ्या म्होरं जाती, डॉक्टर. लय राग येतो."

असा राग मी कुठल्याच पेशंटच्या तोंडून इतक्या आनंदाने ऐकला नव्हता.

सर गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हॉस्पिटलच्या जागी दुकानं आहेत. त्यानंतर हे ऑपरेशन मी पुष्कळदा केलं, नंतर अधिक चांगल्या पद्धती आल्या आणि ते मागे पडत गेलं. पण स्नायूला हात लावण्याआधी, "तुम्ही दिवसभर काय काय करता?" हे विचारायची सवय मला तिथे लागली. आमच्या पुस्तकांत असायचं, की पाठीतला हा स्नायू काढला तरी त्याची उणीव भासत नाही. कोणाला भासत नाही, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं.