पाणकरानं घेतलेला इंग्रजीचा तास

"मॅडम, पहिल्याच उताऱ्याले सतरा मिनिटं गेली," दामिनी म्हणाली आणि मान खाली घालून बसली.

मॉक टेस्ट होती, म्हणजे खऱ्या परीक्षेची रंगीत तालीम. फुलचूरच्या एका क्लासमध्ये मी एमबीए प्रवेश परीक्षेचं इंग्रजी शिकवते. या सेक्शनला चाळीस मिनिटं. त्यात चार उतारे, त्यांवरचे प्रश्न आणि थोडे सुटे प्रश्न. वेळ संपला की स्क्रीन आपोआप पुढच्या सेक्शनवर जाते, पुन्हा आधीच्या सेक्शनवर यायची सोय नाही. म्हणून उताऱ्याला आठ मिनिटं आणि उरलेली आठ सुट्या प्रश्नांना, असं मी शिकवते.

दामिनी गणितात वर्गात पहिली. पण प्रत्येक सेक्शनचा कटऑफ वेगळा, म्हणजे तेवढे किमान मार्क हवेतच. इंग्रजीत ती दोन वर्षं त्याच्याखाली घसरली होती. इंग्रजी कच्चं नव्हतं. जे सोडवायची ते बरोबरच, फक्त निम्म्या पेपरपर्यंत पोचायचीच नाही. हा शेवटचा अटेम्प्ट. नाही जमलं तर बीएड, असं घरी ठरलं होतं आणि तिला बीएड करायचं नव्हतं.

"अडलं की सोड," हे मी शंभरदा सांगितलं होतं.

"अर्धवट टाकून पुढे जाववत नाही, मॅडम. कामचुकारपणा केल्यासारखं वाटते."

मी चिडले. मी लवकर चिडते. आमचे डायरेक्टर मात्र शांत. "छोड़िए मॅडम, अंग्रेजी भगवान भरोसे," म्हणाले. त्यांच्यावर तर जास्तच चिडले.

त्या शनिवारी तिला न्यायला वडील आले. देवरामजी, आमच्या भागातल्या गोरेगावकडच्या एका गावचे पाणकर. पाणकर म्हणजे गावतलावाचं पाणी कोणाच्या शेताला किती वेळ द्यायचं ते पाहणारा माणूस. मी तक्रारींचा पाढा वाचला. ते गमछ्यानं तोंड पुसत ऐकत होते.

"म्हणजे एकाच बांधीत पाणी सोडून बसून राह्यली हे," ते म्हणाले. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा.

"तुम्ही काय करता?"

"घड्याळ पाहतो. पाळी सरली का बांधीचं तोंड बुजवतो. बांधी भरो का नाही भरो."

"अर्धी राहिली तर वाईट नाही वाटत?"

"वाटते ना. शिव्याबी खातो. पण मांगच्या बांध्या वाट पाहून राह्यल्या. एकाचीच भरत बसलो तं शेवटच्याचा धान वाळते. पाणी उरलं तं दुसऱ्या फेरीत देतो."

दामिनी हळूच म्हणाली, "बाबा, तुमी तं आपली सोताची बांधीबी अर्धीच ठेवली होती."

"मंग? पाळी सरली होती."

सोमवारच्या मॉकमध्ये ती पहिल्यांदाच चौथ्या उताऱ्यापर्यंत पोचली.

परीक्षा नागपूरला झाली. तिसरा उतारा कुठल्याशा कलाविचाराचा, गुंतागुंतीचा. आठ मिनिटं झाली तेव्हा दोन प्रश्न बाकी होते. तरी ती पुढे गेली. शेवटी चार मिनिटं उरली, तेव्हा परत येऊन त्यातला एक सोडवला.

निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, इंग्रजी कटऑफच्या वर. चांगलंच वर." मी भर स्टाफरूममध्ये रडले. पुढे मुलाखत झाली, अ‍ॅडमिशनही झाली. डायरेक्टरांनी तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला आणि खाली 'आमची खास पद्धत' असं छापलं.

मग मीही हट्ट धरला. नव्या बॅचचा पहिला तास देवरामजी घेतील.

"ये अंग्रेजी पढ़ाएंगे?"

"वेळ शिकवतील. वीस मिनिटं."

ते आले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सुरू झाले. पोरं हसणं विसरून ऐकत होती. तलाव, पाळ्या, भांडणं, सगळं रंगात आलं होतं. एका दुष्काळी वर्षी दोघं भाऊ फावडी घेऊन समोरासमोर उभे ठाकले, तिथवर गोष्ट आली आणि देवरामजी थांबले. गमछा खांद्यावर टाकला.

"पुढं काय झालं?" सगळी ओरडली.

"पाळी सरली," म्हणाले आणि निघून गेले.

वेळेचं नियोजन मी इतकी वर्षं शिकवते आहे. माझा एकही तास अजून वेळेवर संपलेला नाही.