गवताची गाठ

नोकरीतली बरीच प्रकरणं निकालाबरोबर विसरलो. मुळशीच्या डोंगरातली दुर्बिणीची चोरी मात्र अजून डोक्यातून जात नाही.

धरणाचं काम चाललं होतं त्या वर्षांतली गोष्ट. डोंगरावर मोजणीवाल्यांवर आग्या माश्या उठल्या आणि गडी मोजणीची दुर्बीण तिथंच टाकून पळाले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर दुर्बीण गायब! मी तेव्हा पौडला फौजदार. वरून तंबी आली. तेवढ्यात माले गावच्या एका शेतकऱ्यानं खबर दिली, "सायेब, कातकऱ्याचं काम हाय. तितं हिंडताना बघितला म्या त्याला." झालं! मध काढणाऱ्या त्या कातकऱ्याला वाडीवरून उचलला. त्याचा कोयता जप्त केला, पंचनामा करून, लाखेची मोहोर मारून मुद्देमालाच्या खोलीत कुलपात ठेवला.

"दुर्बीण कुठंय?"

"हाय की डोंगरावं."

"शिपायांनी डोंगर पालथा घातलाय."

"पर गवत बांधलंय न्हवं?"

चार वेळा विचारलं, चारही वेळा तेच उत्तर. बेणं वेड पांघरतंय म्हणून मी त्याच्या मुस्काटात दिली. आज लाज वाटते. त्यानं गाल चोळला आणि असं पाहिलं, जणू वेडा मीच. चोरांची तोंडं मी पुष्कळ पाहिली होती, हे त्यातलं नव्हतं. खटला उभा राहिला असता तर बिचारा तुरुंगातच गेला असता. म्हटलं, हे गवत तरी काय ते बघू.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन डोंगर चढलो. वाटेत लाकडाची मोळी पडलेली, वर गवताचा पिळा बांधलेला.

"कुणाची रे?"

"माज्या मेव्हणीची. बाळंत झालीया. उठली की न्हेल."

"कधीपासून पडलीय?"

"लई दिस झालं."

"आणि कुणी उचलली नाही?"

"गवत बांधलंय की सायेब!"

पुढं एका झाडाला गाठ. वर मोहोळ, ते दुसऱ्या कुणाचं. मग मला नादच लागला. पोरासारखा मी गाठी शोधत आणि "ही कुणाची?" विचारत चाललो. शेवटी तो एका कपारीपाशी थांबला. तोंडाशी कारवीच्या झुडपाला गवताची गाठ. आत त्याच्याच घोंगडीत गुंडाळलेली दुर्बीण, काचेला ओरखडा नाही.

"गुरं आली आस्ती, पाडली आस्ती. म्हून आत सरकवली," तो म्हणाला. शिपाई दोनदा त्या गाठीवरून गेले होते.

ठाण्यावर येऊन त्याला सोडला. कोयता द्यायला मुद्देमालाची खोली उघडली. कुलूप जागच्या जागी, कोयता नाही! किल्ली आमच्याच माणसांकडं. कोयता म्हणजे त्याचं पोट. घरचा कोयता आणून त्याच्या हातात दिला.

त्यानं धार बोटानं पाहिली, रिकाम्या खोलीत डोकावला आणि अगदी साधेपणानं विचारलं, "त्येला गवत बांधलं न्हवतं व्हय, सायेब?"

साऱ्या नोकरीत एकाही वकिलानं माझी अशी उलटतपासणी घेतली नाही.