काकांच्या गॅलरीतून दिसणारी आमची वाडी

बोरिवलीत आजोबांची चिकूची वाडी होती. वाटणीत रस्त्याकडचा भाग काकांना गेला, विहिरीकडचा बाबांना. माती तीच, झाडंही तीच. पण ऐंशीच्या दशकात महापालिकेचा नवा आराखडा आला आणि आमच्या भागावर बागेचं आरक्षण पडलं. काकांचा भाग मोकळा सुटला. त्यांनी तो बिल्डरला दिला. तिथे एकेक स्लॅब चढायचा आणि इकडे मी विहिरीच्या काठावरून मजले मोजायचे. चुलत बहीण माझ्याच वयाची. तिला आता स्वतःची खोली मिळणार होती.

आमच्या जमिनीवर वीटही रचता येणार नव्हती. बिल्डरचा माणूस ती पडत्या भावात मागत होता. बाबांनी आधी जमिनीची किंमत काढणाऱ्या एका व्हॅल्युअरला बोलावलं. वाडी फिरून आल्यावर ते ओट्यावर टेकले.

"दोन किमती काढायच्या," ते म्हणाले. "आरक्षण नसतं तर काय आली असती, ती एक. आज आहे तशी कोण काय देईल, ती दुसरी. मधला फरक हा तुमचा तोटा."

"तो भरून कोण देणार?" आईने विचारलं.

"आज तरी कोणी नाही. अशा जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क द्यावा, असं चाललंय. नियम होईल तेव्हा खरं."

काकांच्या वास्तुशांतीला मी जाणार नव्हते. "काकू स्वतः येऊन सांगून गेलीय. गप साडी नेस," आई म्हणाली. जेवणं झाल्यावर बहिणीने मला गॅलरीत ओढलं. खाली आमची अख्खी वाडी पसरली होती. वरून ती मी कधी पाहिलीच नव्हती.

"मस्त ना? या बाजूच्या फ्लॅटना बिल्डरने जास्त भाव लावलाय, माहितेय? पुढ्यात कधीच बिल्डिंग येणार नाही ना."

ती अगदी सहज बोलली, म्हणूनच जास्त झोंबलं. तोवर मी नुसती तिच्या खोलीवर जळत होते. आता कळलं, आमचं जे बुडालं होतं तेच तिच्या घराला वारा घालत होतं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. व्हॅल्युअर पुन्हा आले तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, "त्यांचा तो वाढीव भाव तुमच्या हिशोबात कुठे बसतो?"

"बसत नाही. तो तुमच्या झाडांमुळेच आलाय, पण गेला त्यांच्या फ्लॅटमध्ये."

बाबा जमीन द्यायला होकार द्यायच्या बेतात होते, ते थांबले. बिल्डरच्या माणसाला म्हणाले, "ही जमीन इतकी कवडीमोल असती तर तू मागायला आला नसतास रे."

नियम व्हायला ते दशक उलटलं. बाबांनी जमीन पालिकेला दिली, बदल्यात मिळालेला बांधायचा हक्क विकला आणि आम्ही दहिसरला फ्लॅट घेतला. त्याच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. बहीण घर बघायला आली.

"तुमच्या वाडीत आता बाक टाकलेत गं," ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी तिथेच फिरते."

"छान," मी म्हटलं, आणि चहाचं निमित्त करून आत गेले.