आभाळावरचा करार

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. लिहायचं राहून जाईल म्हणून लिहिते.

आक्कांचं जेवण कधी एका जागी झालं नाही. हातात घास घेऊन गॅलरीत जायच्या, आभाळ बघायच्या, परत येऊन भात कालवायच्या. लालबागच्या आमच्या चाळीत त्या एकट्या राहत. उन्हाळ्यात गच्चीवर पापड, सांडगे वाळवून विकायच्या आणि मी लाटायला जायची. नवी नवरी, कुणाशी बोलायला घाबरणारी. लख्ख उन्हातही त्या म्हणायच्या, "ह्या आभाळाचा काय खरा नाय गो."

धास्ती उगाच नव्हती. करी रोडच्या खानावळवाल्या काकू होळीनंतर पावसाळ्याच्या मालाचे पैसे आगाऊ देत, त्यातूनच उडीद यायचे. माल भिजला तर बुडणार आक्का. म्हणून चाळीखालच्या छत्रीवाल्या अण्णांशी त्यांनी तोंडी करार केला होता. पाऊस लवकर आला तर अण्णांच्या विक्रीतला हिस्सा आक्कांना. ऊन लांबलं तर आक्कांच्या विक्रीतला अण्णांना. भांडण मात्र रोजचं.

"अण्णा, तुमचा तोंड बघितला काय ढग येतत."

"मग बघू नका. हिस्सा घ्यायला तेवढ्या या."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. त्यातल्या एका वर्षी वैशाखातच झड लागली. आम्ही पापड खाटेखाली, माळ्यावर, दोरीवरच्या धोतरावर, जागा मिळेल तिथे पसरले. आक्का उलटवत होत्या, वास घेत होत्या, पुन्हा उलटवत होत्या. शेवटी सगळ्यांवर बुरशी आली. हिस्सा मागायला खाली गेल्या तर दुकानाला फळ्या. नाक्यावर दगडफेक झाली होती, हरताळ चालू होता.

फळ्यांपुढे बसलेले अण्णा म्हणाले, "करार पावसाचा होता, हरताळाचा नाही. एक छत्री विकली नाही. हिस्सा देऊ कशातला?"

"दुकान बंद आसा, पाऊस बंद आसा काय? छत्र्यो काढा भायर."

"आणि हरवल्या तर?"

"तर जन्मभर तुमचे पापड फुकट लाटतंय."

आक्कांनी छत्र्यांची मोळी बांधून माझ्या खांद्यावर दिली आणि आम्ही भोईवाड्याच्या चाळी चढू लागलो. जिन्यात एक पोरगा डाफरला, "आक्का, हरताळ मोडताय?"

"मी दुकान खय उघडलंय? भिजून तापान फणफणलास तर घोषणा कोण देतलो?"

त्याने छत्री घेतली.

वरच्या मजल्यावर आक्कांना धाप लागली. म्हणाल्या, "तू हाक मार गो." "छत्री घ्या," मी पुटपुटले. एका दारातली बाई हसली, "मोठ्यानं बोल की, विकायला आलीस का चोरायला?" मग मी ओरडले. एवढं मोठ्यानं मी माहेरीही कधी बोलले नव्हते. पुढे चार माणसांत उभी राहू शकले ती त्या जिन्यामुळे.

अण्णांनी हिस्सा चोख दिला, पण काकूंचे पैसे त्यात भागेनात. काकू म्हणाल्या, "आक्का, उरलेल्याचा माल पुढच्या वर्षी द्या."

"पुढच्या वर्षाचा आभाळ तुम्ही बघितलात?" आक्का म्हणाल्या. "माल नाय, तर पैसे."

सगळा पावसाळा आम्ही छत्र्या घेऊन दारोदार फिरलो. जेमतेम चार पैसे उरत, ते आक्का लगेच करी रोडला पोचवून येत. गणपतीच्या आधी शेवटची रक्कम घेऊन मीही त्यांच्याबरोबर गेले. काकूंनी नाणी ओट्यावर मांडून मोजली आणि म्हणाल्या, "फिटले हो सगळे."